रात्री आणून बसवलेल्या

बुधवार, ४ तारीख

भावाच्या घरात राहणाऱ्या आणि कधीच काही न विचारल्या जाणाऱ्या समस्त बहिणींनो!

आपल्याला विचारत नाहीत. भिंतीला रंग कोणता द्यायचा हे आपल्याला रंग वाळल्यावर कळतं. खिडकी बंद करून तिथे कपाट ठोकायचं ठरलं, हे अंधार पडल्यावर कळतं. तेही सोसलं. पण मी तुम्हाला विचारते, घरात एक अख्खं माणूस आणायचं असेल तर ते रात्री, रिक्षा कोपऱ्यावरच थांबवून, पायऱ्यांवरचा दिवा मालवून आणायचं असतं का?

डायरीत भाषण ठोकतेय, हे मला कळतं. पण तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आणि तीस वर्षं छापखान्याच्या फाटकावर उभी राहून बोलले. तिसऱ्या तऱ्हेने लिहायची सवयच लागली नाही.

झालं ते असं. काल संघटनेची बैठक आटोपून आले, जेवले, वाचत पडले, झोपले. आज सकाळी सहाला स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर वहिनीच्या स्टुलावर एक बाई. पन्नाशीची, रुंद मनगटांची. शेजारी दादा, माझा थोरला भाऊ, घड्याळदुरुस्तीचं भिंग कपाळावर चढवलेला आणि चेहरा चोराचा.

"ही आता इथंच राहणार," तो म्हणाला. "गेल्या आठवड्यात आम्ही लग्नाच्या सह्या केल्या. बेकरीत असते ही."

"आणि मला?"

"तुला सांगणारच होतो."

"कधी? मी मेल्यावर?"

"दिवसाढवळ्या तुझ्यापुढे उभं राहून सांगायची माझी छाती झाली नाही गं. म्हटलं, रात्री आणली की सकाळपर्यंत..."

पुढचं वाक्य मला पाठ आहे. माझी वहिनी, तीन वर्षांपूर्वी गेली, नव्या कोंबड्या आणल्या की म्हणायची, "रात्रीच नेऊन बसवायच्या, वन्सं. सकाळी जुन्यांना वाटतं, ह्या होत्याच."

माझ्या सख्ख्या भावाने मला कोंबडी समजून वागवलं!

वर त्या बाईने तीन कोंबड्याही आणल्यात. पावाच्या क्रेटमध्ये.


गुरुवार, ५ तारीख

कोंबड्या अडगळीच्या खोलीत. एक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, तिला ती कवडी म्हणते. दोन तांबड्या.

"पंधरा दिवस वेगळ्या ठेवते," ती म्हणाली. "रोगबिग असला तर तुमच्यांना नको लागायला. चालेल ना तुम्हाला?"

"मला कुणी विचारलंय का आजवर?"

"आत्ता मी विचारलं की."

मानभावीपणा! तयारी करून आलीय.

दुपारी दादा दुकानातून जेवायला आला. हळूच म्हणाला, "तिला वहिनी म्हण गं. बरं वाटेल तिला."

मी सांगितलं, वहिनी एकच होती. ते त्या बाईचं नाव होतं, या घरात रिकामी पडलेली जागा नव्हे की अर्ज केला आणि नेमणूक झाली.

तो पाणी न पिता गेला.


सोमवार, ९ तारीख

ती पहाटे तीनला बेकरीत जाते, अकराला येते, बारा ते दोन झोपते. घरभर भाजल्या पिठाचा वास. मला तो आवडतो, ही त्यातली सर्वांत संतापजनक गोष्ट.

आमची एकमेकींना हाक नाही. मी तिला काय म्हणायचं हे मी ठरवलेलं नाही, आणि मी ठरवत नाही तोवर तीही मला ताई, वन्सं, काही म्हणत नाही. हवं असलं की मी पातेलं आपटते. ती खोकते. दादा म्हणाला, "घर आहे की दवाखाना?"

रात्री भिंतीपलीकडून ऐकलं. ऐकायचं नव्हतं, भिंतच पातळ आहे.

ती म्हणत होती, "जुन्या खोलीची किल्ली तीस तारखेला परत द्यायचीय. तोवर बघते. नाही जमलं तर जाईन परत, तुम्हाला दोष नाही."

"जमेल गं. ती तोंडाने फटकळ आहे, मनाने..."

"मनाचं मला कुठं दिसतंय? तोंडच दिसतं."

तीस तारीख.


गुरुवार, १२ तारीख

शेजारचे कंपाउंडर कुंपणावर कोपर टेकवून उभे. दवाखाना सोडून दहा वर्षं झाली, पण औषधं द्यायची खोड जात नाही. "काय बाई, घरात नवी आवक झाली म्हणे. तीन की चार?"

"तीन कोंबड्या."

"तेच. चौथीचं मी विचारलंच नाही."

सगळ्या गल्लीला माहीत होतं. सगळ्या गल्लीला! कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, पण आमच्या घरात कोंबडं मोकळं होतं आणि झाकून ठेवलं होतं मला.

वहिनीच्या चार कोंबड्या बघून आले. त्यांतली जी म्होरकी आहे तिचं नाव वहिनीने मुकादम ठेवलं होतं. दाणे टाकले की ती आधी खाते. बाकीच्या तिची मान खाली जाईपर्यंत वाट बघतात. तिला मी नेहमी मनातून मानत आले. शिस्त आहे तिच्यात.


मंगळवार, १७ तारीख

सभा चांगली झाली. पलीकडचा छापखाना बंद पडला, त्यातले अकरा जण आमच्याकडे आलेत, आणि आमचे जुने लोक त्यांना चहाच्या वेळी बाकावर बसू देत नाहीत. मी कुणाला सोडलं नाही. म्हटलं, "आधी आलात म्हणून बाक तुमच्या बापाचा झाला का? जो आधी येतो त्याच्यावर जागा करून द्यायची जबाबदारी येते, मालकी येत नाही!" टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेतले दोघे उठून त्या अकरांजवळ जाऊन बसले.

घरी यायला आठ वाजले. दार त्या बाईने उघडलं. बाजूला होऊन मला वाट दिली. मी चपला काढल्या आणि खोलीत गेले. घसा बसला होता, बोलण्यात अर्थ नव्हता.


बुधवार, १८ तारीख

आज पंधरा दिवस पुरे झाले.

अकराला आल्यावर ती म्हणाली, "शनिवारी मला सवड आहे. काळोख पडल्यावर बसवू त्यांना. तुम्ही असाल ना? दोघी लागतात. ह्यांना पिसांनी शिंका येतात."

काळोख! गुपचूप! पुन्हा तेच! संघटनेच्या दारावर मी माझ्या हाताने लिहिलेलं वाक्य आहे: जे करायचं ते उजेडात. राज्यं रात्री उलथतात, करार रात्री मोडतात, टाळेबंदीची नोटीस नेहमी रात्रीच चिकटते. माझ्या परसात हे चालणार नाही.

साडेबाराला ती झोपली होती. दादा दुकानात. मी तिन्ही कोंबड्या क्रेटमधून नेल्या आणि खुराड्याच्या जाळीआड सोडल्या. म्हटलं, होऊ द्या समोरासमोर. काय असेल ते एकदा बोलून मोकळ्या व्हा.

मुकादम बोलली नाही. मान ताठ करून दोन पावलं आली आणि कवडीच्या डोक्यावर अशी चोच मारली की खट्ट आवाज झाला. मग चारही जणी. तांबड्या दोघी उडून खोक्यावर चढल्या. कवडी कोपऱ्यात गेली, तोंड भिंतीत खुपसलं आणि उभी राहिली. ओरडलीसुद्धा नाही. तिच्या पाठीवरची पिसं उडत होती, मी झाडू घेऊन आत शिरले, मुकादमला दोन फटके दिले, ती मलाच चावली. कवडीच्या तुऱ्यातून रक्त.

ती बाई अनवाणी धावत आली. माझ्याकडे बघितलं नाही. कवडीला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं.

"उजेडात?" एवढंच म्हणाली. मग दारापाशी थांबली. "पळायचं कुठं हे जुन्यांना ठाऊक असतं. हिला काय माहीत होतं इथलं?"

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण डायरी माझी आहे आणि तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुकांखाली रेघा मारल्यात. खुराड्याचं दार उघडताना मला ते उजेडाचं वाक्य आठवत नव्हतं. तीस तारीख आठवत होती.


गुरुवार, १९ तारीख

कवडी काही खात नाही.


शनिवार, २१ तारीख

कंपाउंडरांनी जांभळ्या औषधाची बाटली दिली. "लाल दिसलं की टोचतात. जांभळं करून टाका, विसरतात. माणसांवर चालत नाही हो हे, नाहीतर तुम्हाला बाटलीभर पाजलं असतं."

"माझं काय दुखतंय?"

"ते जांभळं करून कळणार नाही, म्हणून तर म्हणतोय."

या गल्लीत आचरट माणसांची कमी नाही.

कवडी स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या खोक्यात. पहाटे तीन ते अकरा तिच्याकडे बघणारं माझ्याशिवाय कोणी नाही. मी काही वचन दिलेलं नाही. खोकं वाटेत आहे म्हणून बघावं लागतं.


मंगळवार, २४ तारीख

आज भिजवलेले दाणे माझ्या तळहातावरून खाल्ले. चोच बोथट लागते, बोटाने टकटक केल्यासारखी. तिला आजचा अग्रलेख मोठ्याने वाचून दाखवला. लेखकाच्या खुर्चीखाली माझ्या मते पगार चिकटवलेला असावा. 'कामगारांनी संयम दाखवावा' या ओळीवर कवडी शिटली. तीस वर्षांत इतका जाणकार श्रोता मिळाला नव्हता.

अकराला ती आली. खोक्यातलं रिकामं ताट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ती खोकली नाही, मी पातेलं आपटलं नाही. दोघी उभ्या. मग ती आंघोळीला गेली.


गुरुवार, २६ तारीख

आज दादाशी भांडले. इतकी भांडले की कंपाउंडरांनी खिडकी लावून घेतली. त्यांनी खिडकी लावणं म्हणजे काय ते गल्लीला विचारा.

मी म्हटलं, "माझी वहिनी असती तर असं झालं नसतं. तिने मला विचारल्याशिवाय या घरात चमचा आणला नाही. मला या घरात तिनेच बोलावलं होतं!"

दादा भिंग पुसत होता. ते त्याने खाली ठेवलं.

"तिने?" तो म्हणाला. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? बावीस वर्षांपूर्वी संपानंतर माझी खोली काढून घेतली, मी पुस्तकांची खोकी घेऊन आले..."

"रात्री अकराला आलीस. मी आणली. ती झोपली होती. तिला विचारायचीही माझी छाती नव्हती, एका खोलीचं घर होतं तेव्हा आपलं. तिला सकाळीच कळलं." त्याने भिंग पुन्हा उचललं. "दूध कमी पडलं, तर मागच्या दाराने जाऊन शेजारून घेऊन आली. तुला कळू नये म्हणून."

मला ती सकाळ लख्ख आठवते. पुस्तकांच्या खोक्यांमध्ये डोळे उघडले तर ती पाठमोरी, चुलीपाशी. वळली आणि म्हणाली, "वन्सं, चहा झालाय." इतक्या सहज, जशी मी रोज तिथंच उठत होते.

म्हणजे दादाला ही युक्ती कोंबड्यांवरून सुचलेली नाही. कोंबड्या नंतर आल्या. युक्ती त्याने आधी माझ्यावर वापरली आणि ती चालली!

मी त्याला म्हटलं, "तू जन्मात एकदा तरी कुणाला काही दिवसा सांगणार आहेस का?"

"तुला सांगितलं ना आत्ता," तो म्हणाला. "दुपारचे तीन वाजलेत."

रागाने मला जेवण गेलं नाही. दादावर राग. वहिनीवरही, हो, वहिनीवरही. बावीस वर्षांत एकदा तरी म्हणायची होतीस की मला विचारलं नव्हतं. मी सभा घेतली असती तुझ्यासाठी.


शनिवार, २८ तारीख

साडेसातला पूर्ण काळोख. कवडीच्या पाठीवर खुंट फुटलेत. मी अडगळीतून वहिनीची बॅटरी काढली. काचेवर लाल कापड वहिनीने बांधलेलं, रबर अजून तुटलं नव्हतं. ती असताना बॅटरी मीच धरायचे. हे मी इथे आधी लिहिलं नाही, असं दिसतं.

बॅटरी बघून ती बाई म्हणाली, "म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं."

मी बॅटरी लावून बघितली.

"चला. फक्त आत गेल्यावर बोलू नका," ती म्हणाली. "जमेल?"

जमेल! मला!

खुराड्यात लाल काळोख. दांडीवर चारही जणी मान आत ओढून बसलेल्या, दगडासारख्या. अंधारात त्यांना दिसत नाही आणि म्हणून धीट असलेल्याही गरीब होतात. तिने खुणेने सांगितलं, आधी जुन्या सरकवायच्या. मी मुकादमच्या पोटाखाली हात घातला. दहा दिवसांपूर्वी मला चावलेली ही बया ऊन ऊन, जड, आणि काहीच नाही. नुसती गुरगुरली. मी तिला दांडीच्या टोकाला नेऊन ठेवलं. पाय दांडीला लागले की आपोआप बोटं आवळतात.

मग तांबड्या. मग कवडी. तिने कवडी माझ्या हातात दिली आणि कानाशी कुजबुजली, "फुगलेल्या पिठासारखी धरा. दाबायची नाही, सोडायची नाही." कवडी थरथरत होती. मी तिला दोन जुन्यांच्या मध्ये, पाय चाचपत, टेकवली. हात काढायचं धाडस होईना. शेजारची म्हातारी कोंबडी झोपेतच हलली, पंख थोडा उचलला आणि खाली आणला तो अर्धा कवडीवर. थरथर थांबली.

तेवढ्यात बाहेरून दादाची शिंक. घराचं पत्र्याचं दार पडावं अशी. दोघी जागच्या जागी. तिने तोंडावर हात दाबला, तिचे खांदे हलत होते. माझेही. मी आयुष्यात इतका वेळ तोंड मिटून हसले नव्हते.

बाहेर आल्यावर म्हणाली, "खरी परीक्षा पहाटे. मी कामावर असेन."

"मी आहे," मी म्हटलं.

हा पराभव नाही. डावपेच बदलला, एवढंच.


रविवार, २९ तारीख

पाच वाजता क्रेट पालथा घालून खुराड्यात बसले. तिने सांगितल्याप्रमाणे दाण्याची भांडी दोन, दोन टोकांना. मध्ये दोरीने टांगलेला कोबीचा गड्डा.

उजाडलं. मुकादम उतरली. मग बाकीच्या. कवडी सर्वांत शेवटी, धपकन. मुकादमने मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, हजेरीपटात नाव सापडत नसल्यासारखं. माझा झाडू तयार होता आणि जिभेवर चार खणखणीत वाक्यं होती. एकही उच्चारलं नाही. तिने एक चोच मारली, मानेवर, हलकी. कवडी सरकली, पळाली नाही. मुकादम वळली आणि कोबीला भिडली. अर्ध्या तासाने कवडी त्याच कोबीचं खालचं पान ओढत होती.

अकराला ती आली ती थेट परसात गेली. मला तिला सांगायचं होतं. धावत सांगायचं होतं, कोबीचं, मानेचं, सगळं. तोंड उघडलं आणि हाक मारायला शब्द नव्हता. हजारांच्या सभेत माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जाणारी मी, तीन अक्षरांपाशी अडले.

पातेलं आपटलं. ती वळली, मान हलवली, झोपायला गेली.

लाज वाटते. आपट, बाई, आपट. पातेल्याला पोचे पडले.


सोमवार, ३० तारीख

पहाटेचे पावणेसहा. तिला आज सुट्टी. मेजावर जुन्या खोलीची किल्ली. दाराशी तिची कापडी पिशवी. ती भरलेली आहे की तिकडून सामान आणायला रिकामी, हात लावून बघायची माझी छाती होत नाही. घराणंच भित्रं. ती परसात आहे, खुराड्याचं दार उघडल्याचा आवाज आला. दादा जागा आहे आणि झोपल्याचं सोंग घेतोय. चहा उकळतोय. दूध पुरेसं आहे, बघितलं.

भावाच्या घरात राहणाऱ्या, कधीच न विचारल्या गेलेल्या बहिणींनो! ज्यांच्या घरात आपल्याला रात्री आणून बसवलं, त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी सकाळी उठून हाक मारली, म्हणून आज आपल्याला बाकावर जागा आहे आणि त्या जागेवरून आपण चोच मारतोय. ती हाक मेलेल्या माणसाबरोबर जळत नाही. ती कुणाच्या मालकीची नाही, माझ्या तर नाहीच नाही.

आज ठराव नको, भाषण नको. आधण उतू जायच्या आत ही डायरी मिटा, पातेलं हातातून खाली ठेवा, मागच्या दारात उभ्या राहा, आणि ती किल्लीला हात लावायच्या आधी, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा:

वहिनी, चहा झालाय.